जवान एका रात्रीत पोचतो, त्याचं सामान कधी पोचणार? : संरक्षण मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री,
मा. चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ,
आणि आर्मी व नेव्हीचा पुरवठा सांभाळणारे सगळे वरिष्ठ अधिकारी,
नवी दिल्ली.

साहेब, जय हिंद.

मी अमळनेर तालुक्यातला, आर्मी सर्व्हिस कोअर म्हणजे एएससीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. सगळी नोकरी राशन, तेल आणि गाड्या मोजण्यात गेली. सख्खा पुतण्या नेव्हीच्या लॉजिस्टिक्स शाखेत आहे, सध्या जहाजावर, जहाजाचं नाव अर्थातच लिहीत नाही. आमच्याच गल्लीतला एक पोरगा पॅरात, म्हणजे विमानातून उडी मारणाऱ्या पलटणीत, आग्र्याला. आणि मेहुण्याची सगळी नोकरी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली. म्हणजे गोळी बनवणारा, गोळी पोचवणारा आणि गोळी झाडणारा असे सगळे आमच्या नात्यागोत्यातच भरलेत, तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

निमित्त सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिफेन्स अ‍ॅक्विझिशन कौन्सिलने साधारण ७९ हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी दिली. त्यात आर्मीसाठी क्रेन बसवलेल्या हाय मोबिलिटी गाड्या होत्या आणि नेव्हीसाठी लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक, म्हणजे एलपीडी जहाजं होती. आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसते फुलांचे आणि तिरंग्याचे मेसेज. मला मात्र आनंदाच्या ऐवजी रागच आला, कारण याच जहाजांचं टेंडर २०१३ ला निघालं होतं. चार जहाजं घ्यायची होती. मग किंमत, मग मुदतवाढ, बोली लावणारे जहाज बांधणारे यार्डच कर्जात बुडाले, शेवटी २०२० च्या सुमाराला ते सगळं गुंडाळलं, २०२१ ला पुन्हा कंपन्यांकडून माहिती मागवली आणि २०२५ ला पुन्हा "गरज मान्य". गरज मान्य झाल्याशिवाय टेंडर निघत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. म्हणजे एकाच गरजेला आपण दुसऱ्यांदा हो म्हटलं आणि मधल्या बारा वर्षांत एका जहाजाचं साधं पत्रासुद्धा कापलं गेलं नाही.

जे सिव्हिलियन भाऊ हे वाचताय त्यांच्यासाठी थोडक्यात. एलपीडी म्हणजे असं जहाज की ज्याचा मागचा भाग मुद्दाम पाण्याने भरता येतो, मागचं दार उघडतं आणि पोटातून बोटी बाहेर पडतात, जवान आणि गाड्या घेऊन, थेट किनाऱ्यावर. बंदर नको, धक्का नको, क्रेन नको. आपल्याकडे असं जहाज एकच आहे, आयएनएस जलाश्व. ते २००७ ला अमेरिकेकडून घेतलेलं जुनं 'ट्रेंटन', आणि ट्रेंटन अमेरिकेच्या नेव्हीत दाखल झालं होतं १९७१ ला. वय तुम्हीच मोजा. बाकी शार्दूल, केसरी, ऐरावत, घडियाल ही एलएसटी जातीची जहाजं आहेत, ती नाक किनाऱ्याला टेकवून उतरवतात. मगर तर मे २०२३ मध्ये रिटायरही झाली.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या धुळ्यात आग्रा रोड आहे, खान्देशातल्या प्रत्येकाने तिथे कधी ना कधी कपडे नाहीतर भांडी घेतलेली असतील. तो मूळ मुंबई-आग्रा हायवे. त्याच्या एका टोकाला आग्रा, तिथे पॅरा ब्रिगेड आणि एअरफोर्सची मोठी विमानं. दुसऱ्या टोकाला मुंबई, तिथे नेव्हीचा वेस्टर्न फ्लीट. भारताने परदेशात घाईघाईने फौज नाहीतर मदत पाठवायची म्हटली की या दोन टोकांपैकी एक तरी हलतं, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की ही दोन टोकं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलतात, पण कारवाई सुरू झाल्यावर, फोनवर, घाईत.

आर्मीचा पुरवठा जमिनीवरच्या साखळीवर चालतो. मोठा डेपो, मग त्याच्यापुढे फील्ड डेपो, मग ब्रिगेडची सेकंड लाइन, मग पलटणीची स्वतःची फर्स्ट लाइन, आणि शेवटी खेचर नाहीतर पोर्टरच्या पाठीवर. १९९९ ला कारगिलच्या वेळी आम्ही लाइट बंद करून द्रासच्या रस्त्याने गाड्या काढायचो, वरून तोलोलिंग डोंगरावर बसलेला शत्रू बघत असायचा, पण साखळी तुटली नाही कारण मागे श्रीनगर होतं, त्याच्या मागे उधमपूर, त्याच्या मागे पठाणकोट. २०२० ला लडाखला तेच, एअरफोर्सने ६८ हजारांवर जवान आणि ९० च्या आसपास रणगाडे वर चढवले, बाकी दाणापाणी हिवाळ्याआधी रस्त्याने भरून ठेवलं. या कामात आपल्या आर्मीला तोड नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण ही सगळी साखळी घरच्या जमिनीवर आहे. पलीकडे समुद्र आला की पहिली कडीच सापडत नाही.

नेव्हीचं नेमकं उलटं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुतण्या सुट्टीवर आला होता, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस हाणून आम्ही ओट्यावर बसलो आणि नेहमीसारखं भांडण सुरू. तो म्हणे, "नाना, तुमची फौज जितकी पुढे जाते तितकी गोदामापासून लांब जाते. आमचं गोदाम आमच्या पायाखालीच असतं, आम्ही जाऊ तिथे ते येतं." खरं आहे त्याचं. जहाज निघतं तेव्हा राशन, स्पेअर, दारूगोळा, वर्कशॉप, डॉक्टर सगळं आत. गोडं पाणी स्वतः बनवतं. डिझेल संपत आलं की दीपक नाहीतर शक्ती टँकर बाजूला येतो, दोन्ही जहाजं चालत्या समुद्रात समांतर धावतात, मध्ये पाईप टाकतात आणि पोट भरून घेतात. म्हणूनच २०१५ ला येमेन पेटलं तेव्हा आयएनएस सुमित्रा समुद्री चाच्यांवरच्या गस्तीवर होती ती तशीच एडनला वळली. कोणाला विचारायची गरज नाही की राशन कुठून उचलू. ऑपरेशन राहतमध्ये मग ४,६०० च्या वर भारतीय आणि वर साडेनऊशेच्या आसपास परदेशी लोक सुटले, त्यात एअर इंडिया आणि एअरफोर्सचाही मोठा वाटा, पण एडनच्या धक्क्याला पहिली लागली ती गस्तीवरची बोट.

मी पुतण्याला विचारलं, तुझं गोदाम तुझ्या दोन-तीनशे माणसांपुरतं, त्यात माझी अख्खी पलटण चढवली तर? तो हसला आणि म्हणाला, "मग नाना, आंघोळ बंद आणि भात निम्मा."

हसण्यावारी नेलं आम्ही, पण सगळी मेख तिथेच आहे साहेब. आर्मीचा पुरवठा दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी बनलाय पण तो पाण्यावरून जाऊ शकत नाही. नेव्हीचा पुरवठा पाण्यावरून कुठेही जातो पण तो स्वतःपुरता बनलाय. परक्या किनाऱ्यावर एक ब्रिगेड उतरवून तिला महिनाभर जगवणं हे काम या दोघांच्या मध्ये पडतं, आणि मध्ये पडलेलं काम सरकारात कोणाचंच नसतं हे आमच्या तलाठी ऑफिसपासून दिल्लीपर्यंत सारखंच.

उदाहरणं हवी असतील तर तुमच्याच घरची देतो.

३ नोव्हेंबर १९८८, ऑपरेशन कॅक्टस. मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी पहाटे मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून उडालेली आयएल-७६ विमानं दोन हजारांवर किलोमीटर कापून हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. आजही छाती फुगते. पण पुढचं कोणी सांगत नाही. विमानतळ एका बेटावर, राजधानी माले दुसऱ्या बेटावर, मधलं थोडंसं पाणी ओलांडायला आपल्या पॅराच्या पोरांना तिथल्याच बोटी ताब्यात घ्याव्या लागल्या. आणि भाडोत्री बंडखोर ओलीस घेऊन जहाजातून पळाले ते अडवायला शेवटी आयएनएस गोदावरी आणि बेटवा लागल्या. नशीब की धावपट्टी आपल्या दोस्तांच्या हातात होती आणि मुक्काम लांबला नाही. तिथे महिनाभर लढायची वेळ आली असती तर दोन विमानांतलं सामान किती दिवस पुरलं असतं, हा हिशोब एएससीचा कोणताही हवालदार बोटांवर करून सांगेल.

त्याच्या आधी १९७१, ऑपरेशन बीव्हर. कॉक्स बाजारजवळ समुद्रातून जवान उतरवायचे ठरलं. व्यापारी जहाजातून पलटण आणली, समुद्रातच तेव्हाच्या जुन्या घडियाल आणि गुलदार या जहाजांवर चढवली, आणि किनाऱ्याचा उतार कसा आहे हेच नीट माहीत नव्हतं. जहाजं वाळूच्या दांड्यावर अडकली, जवान पाठीवरच्या ओझ्यासकट खोल पाण्यात उतरले आणि काही तिथेच बुडाले, शत्रूची एक गोळी न लागता. त्या जवानांनी आणि त्या जहाजांनी आधी एकत्र धड सरावसुद्धा केला नव्हता.

आणि अगदी ताजं, मार्च २०२५, म्यानमारचा भूकंप, ऑपरेशन ब्रह्मा. इथे दोन्ही चेहरे एकाच कारवाईत दिसतात म्हणून जरा थांबतो. आर्मीचं ११८ जणांचं फील्ड हॉस्पिटल आग्र्याहून सी-१७ विमानांतून एक-दोन दिवसांत तिकडे पोचलं आणि मंडालेला सुरूही झालं. विशाखापट्टणमहून सावित्री आणि आमच्या सातपुड्याच्या नावाची आयएनएस सातपुडा निघाल्या, त्या दोन-तीन दिवसांत यांगूनला. आणि आयएनएस घडियाल ४४२ टन तांदूळ-तेल-बिस्किटं घेऊन ५ एप्रिलला पोचली, म्हणजे भूकंपानंतर आठवडा उलटल्यावर. आता सी-१७ मध्ये ७० टनाच्या आसपास माल बसतो. घडियालचा माल विमानाने न्यायचा तर सहा-सात फेऱ्या, आणि अशी विमानं आपल्याकडे सगळी मिळून ११. विमान म्हणजे वेळ, जहाज म्हणजे वजन. दोन्ही एकाच कागदावर मांडून "पहिल्या दिवशी काय, चौथ्या दिवशी काय, दहाव्या दिवशी काय" हे आधीच ठरलेलं असेल तरच त्याला तैनाती म्हणायचं, नाहीतर नुसती धावपळ.

पाण्याचं तर वेगळं सांगतो, कारण आम्ही खान्देशातले, पाण्याचा हिशोब आम्हाला शिकवावा लागत नाही. डिसेंबर २०१४ ला मालेचा पाणी शुद्ध करायचा प्लांट आगीत बंद पडला. आपली विमानं बाटल्या घेऊन लगेच गेली, छान झालं. नेव्हीची सुकन्या गेली ३५ टन पाणी घेऊन, आणि रोज वीसेक टन बनवायची ताकद घेऊन. मग दीपक टँकर गेला हजार टनाच्या आसपास पाणी घेऊन, तेव्हा कुठे शहराला दम मिळाला. आता गणित करा. गरम हवेत पिणं, स्वयंपाक, दवाखाना धरून माणशी वीस लिटर धरले तर तीन हजारांच्या ब्रिगेडला रोज ६० टन पाणी. सुकन्यासारख्या तीन बोटी नुसत्या पाणी बनवत उभ्या पाहिजेत. यात गोळी नाही, डिझेल नाही, डाळ नाही, नुसतं पाणी.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, सामान भरण्याची. परक्या किनाऱ्यावर जे आधी लागणार ते जहाजात शेवटी भरायचं असतं. आमच्या सावद्या-रावेरकडे केळी भरणारा हमालसुद्धा हे जाणतो, गाडी आधी इंदूरला अर्धी खाली होणार असेल तर इंदूरचा माल दाराशी लावतो, दिल्लीचा आत. पण आमचा अनुभव ऐका. नोकरीत असताना एका संयुक्त सरावात, ठिकाण आणि युनिट लिहीत नाही, आमचा माल जहाजात चढवला तो वजनाच्या आणि जागेच्या हिशोबाने, जड खाली, हलकं वर. जहाजाच्या तोलासाठी ते बरोबरच होतं, नेव्हीवाल्यांची चूक नाही. पण किनाऱ्यावर उतरल्यावर पहिल्या रात्री लागणारा जनरेटर आणि वायरलेसच्या बॅटऱ्या निघाल्या तंबूंच्या आणि काटेरी तारेच्या गुंडाळ्यांच्या खाली, पार तळाला. तंबू वर, खुंट्या दुसऱ्याच बोटीत. रात्रभर टॉर्चवर काम. आमच्या लोड टेबलमध्ये, म्हणजे काय-किती न्यायचं त्या यादीत, जहाजाचा विचार नव्हता आणि त्यांच्या स्टोव्हेज प्लॅनमध्ये, म्हणजे जहाजात माल रचायच्या नकाशात, लढाईचा. सराव होता म्हणून निभावलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९८२ ला फॉकलंड बेटांच्या युद्धाला ब्रिटिश इतक्या घाईत निघाले की वाटेत असेन्शन बेटावर थांबून त्यांना जहाजांतलं सामान पुन्हा लावावं लागलं. मग २५ मेला त्यांच्या 'अटलांटिक कन्व्हेयर' जहाजाला मिसाईल लागून ते पेटलं आणि तीन दिवसांनी बुडालं, त्यात चिनूक हेलिकॉप्टरं आणि तंबू गेले, आणि पोरांना अख्खं बेट पायी तुडवावं लागलं. एका जहाजात सगळी अंडी ठेवली की काय होतं ते त्यांनी किंमत मोजून शिकलं. आपण त्यांच्या किमतीवर शिकलो तरी चालेल.

दुसरी तक्रार, एकाच वस्तूच्या दोन कुंडल्या. कोरडं राशन तिन्ही दलांसाठी आर्मी परचेस ऑर्गनायझेशन घेते, म्हणजे डाळ एकत्र येऊ शकते हे सिद्ध झालंय. मग स्पेअर, बॅटरी, टायर, तंबू, औषधं, यांचे नंबर, इंडेंट (मागणीपत्र) आणि कॉम्प्युटर वेगळे का? मुंबईच्या नेव्ही डेपोत पडलेली वस्तू शेजारच्या आर्मी डेपोच्या स्क्रीनवर दिसत नाही, मग तीच वस्तू हजार किलोमीटरवरून मागवायची. २०२१ ला मुंबई, गुवाहाटी आणि पोर्ट ब्लेअरला जॉइंट लॉजिस्टिक्स नोड, म्हणजे तिन्ही दलांची सामाईक पुरवठा केंद्रं, सुरू झाली, त्यांचं मी मनापासून स्वागत केलं होतं. पण इतक्या वर्षांनी गाडी बहुतेक तिथेच फिरतेय असं बाहेरून तरी दिसतं. काही गोष्टी वेगळ्या राहणारच, मला मान्य आहे. जहाजाच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेते ते, जास्त लागतो, आगीच्या धोक्यामुळे, ते ट्रकच्या डिझेलसारखं नसतं. म्हणून तर आमच्या गाड्यांचं तेल पिंपांत भरून डेकवर बांधून न्यावं लागतं आणि जहाजाचा कॅप्टन त्या पिंपांकडे बघून रात्रभर झोपत नाही. हा असा प्रश्न आधी बसून सोडवायचा असतो, डेकवर उभं राहून नाही.

तिसरी, जबाबदार कोण? विमानात माल बसला नाही तर आर्मी एअरफोर्सकडे बोट दाखवते, जहाजाला उशीर झाला तर नेव्हीकडे, पैसे लागले तर सगळेच मंत्रालयाकडे. तीन दलांच्या संयुक्त संस्थांमध्ये एकाच कमांडरला शिस्तीचे अधिकार देणारा कायदा २०२३ ला झाला, २०२४ ला लागू झाला. माणसाला शिक्षा द्यायचा अधिकार एकाकडे आला, पण त्या माणसाला जेवू घालायचा अधिकार अजून तिघांकडे.

चौथी आमच्या घरची आहे, प्रांतवाद म्हणाल तर म्हणा. वरणगावला गोळी बनते. भुसावळची फॅक्टरी पिंपं, पेट्या आणि पिनाका रॉकेटचे पॉड बनवते. दोन्ही फॅक्टऱ्या हाकेच्या अंतरावर, पण २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं तेव्हा वरणगाव गेली म्युनिशन्स इंडियात आणि भुसावळ यंत्र इंडियात, एकीचं मुख्यालय पुण्याला, दुसरीचं नागपूरला. असो, तो वेगळा विषय, मेहुणा सुरू झाला की दोन तास थांबत नाही. माझं म्हणणं एवढंच की भुसावळ जंक्शन म्हणजे मुंबई, नागपूर, इटारसी आणि जळगावमार्गे सुरत अशा सगळ्या दिशा. मनमाड-इंदूर रेल्वेलाही २०२४ ला मंजुरी मिळाली, ती धुळ्यावरून जाणार. सुरत-कोलकाता हायवे आहेच. एवढं असून देशाच्या संयुक्त पुरवठ्याच्या नकाशावर खान्देश फक्त "येथून गाडी जाते" एवढाच. नोड सगळे किनाऱ्याला आणि सीमेलाच पाहिजेत असं कोणी ठरवलं? किनाऱ्यावरचं गोदाम शत्रूच्या मिसाईलला आधी दिसतं.

काही मित्र म्हणतील की नाना, तुम्ही सगळं एकच करा म्हणताय, आर्मी-नेव्हीचा पुरवठा विलीन करा. अजिबात नाही. सियाचीनला केरोसीन पोचवणारा आणि भर समुद्रात पाईप जोडणारा हे दोन वेगळे कारागीर आहेत, त्यांची खिचडी केली तर दोघंही बिघडतील. मला हवाय तो दोघांच्या मधला सांधा. आणि त्या सांध्याला एक माणूस, एक बजेट, एक तारीख.

मागण्या लिहितो, सरळ.

एलपीडीच्या कराराची तारीख जाहीर करा. आणि त्यासोबत पहिलं जहाज पाण्यात कधी, नेव्हीत कधी, हे वर्षासह सांगा. गुप्त काही मागत नाही, ऑगस्ट २०२३ ला विशाखापट्टणमच्या यार्डशी पाच फ्लीट सपोर्ट शिप्सचा, म्हणजे ताफ्याला तेल-राशन पुरवणाऱ्या जहाजांचा, साधारण १९ हजार कोटींचा करार झाला तेव्हा सगळं जाहीर केलंच होतं ना. आणि नवी जहाजं येईपर्यंत जलाश्व डॉकमध्ये दुरुस्तीला गेली तर पर्याय काय, याची लेखी योजना करा, आम्हाला दाखवू नका, पण करा.

परदेशातल्या प्रत्येक तैनातीसाठी, लढाईची असो की मदतीची, पहिल्या तासापासून एकच लॉजिस्टिक्स कमांडर नेमा. तो कोणत्या दलाचा आहे याचं मला देणंघेणं नाही. विमान, जहाज, रेल्वे आणि पैसा यावर त्याची सही चालली पाहिजे.

तिरुवनंतपुरमची जी ब्रिगेड समुद्रातून उतरण्यासाठी तयार केलेली आहे तिचं लोड टेबल नेव्हीच्या स्टोव्हेज प्लॅनसोबत एकाच टेबलावर बसवा, आणि सरावात खऱ्या वजनाचा खरा माल चढवा-उतरवा. पाहुणे, कॅमेरे आणि हेलिकॉप्टरची सलामी नंतर. उतरल्यावर तिसऱ्या दिवशी जवानाला गरम जेवण मिळालं की नाही हे त्या सरावाच्या रिपोर्टात पहिल्या पानावर लिहा.

तिन्ही दलांच्या डेपोतला साठा एकमेकांना दिसेल अशी यादी करा, निदान दोन्हीकडे लागणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करा. पाण्याचा हिशोब वेगळा ठेवा, माणशी लिटरमध्ये, तो राशनमध्ये बुडवू नका.

एएससी आणि ऑर्डनन्सच्या जेसीओ (सुभेदार दर्जाचे) आणि हवालदारांना काही महिने जहाजावर पाठवा, आणि नेव्हीच्या लॉजिस्टिक्सच्या पोरांना आर्मीच्या फील्ड डेपोत. अधिकाऱ्यांचे संयुक्त कोर्स होतात, चांगलं आहे, पण रात्री दोन वाजता क्रेट कुठल्या बाजूने उचलायचा हे हवालदार ठरवतो.

आणि भुसावळ-वरणगाव पट्ट्यात आतल्या भागातला जॉइंट नोड होऊ शकतो का याचा एकदा अभ्यास करा. नाही जमत असं निघालं तर कारणासकट नाही सांगा, आम्ही मान्य करू.

मला माहीत आहे की मदतीच्या कारवाया आपण उत्तम करतो. नोव्हेंबर २०२५ ला श्रीलंकेत चक्रीवादळ आलं तेव्हा विक्रांत आणि उदयगिरी फ्लीट रिव्ह्यूसाठी कोलंबोतच होत्या, लगेच कामाला लागल्या, मागून आर्मीचं फील्ड हॉस्पिटल आणि बेली ब्रिज (जोडून उभा करायचा लोखंडी पूल) विमानाने गेले. अभिमान वाटला. पण जहाजं तिथे आधीच होती हा योग होता. पुढच्या वेळी ती दुसऱ्या समुद्रात असतील आणि समोरून गोळ्या येत असतील, तेव्हा काय, हा माझा प्रश्न आहे.

घरी आमची वहिनी, म्हणजे त्या पुतण्याची आई, टीव्हीवर जहाज दिसलं की एकच विचारते, "पोर्‍या घर कव्हय यी?" (पोरगा घरी कधी येईल?) तिला एलपीडी कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ते बघणं तुमचं काम आहे.

हे पत्र मी आमच्या दोन्ही खासदारांच्या ऑफिसला, जळगावला आणि धुळ्याला, देतोय. एलपीडीच्या कराराची तारीख आणि जॉइंट नोडची सध्याची संख्या हे दोन प्रश्न त्यांनी पुढच्या अधिवेशनात लेखी विचारावेत अशी त्यांना विनंती आहे. ज्या माजी सैनिक भावांना हे पटतंय त्यांनी आपापल्या खासदाराला हेच दोन प्रश्न पाठवा, शिवीगाळ करू नका, कोणत्या पक्षाचा आहे ते बघू नका. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं इथे टाकीन.

कळावे,
आपला,
एक रिटायर्ड सुभेदार, एएससी
ता. अमळनेर, जि. जळगाव